शेपटीला वंगण घातलंय

बोटाला तेल लागलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ग्रीस लागलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. ग्रीस दाट असतं, लावाल तिथे मुकाट बसून राहतं. हे पातळ होतं. तिनं शेपटीचा पंखा नुसता बोटानं फिरवला, तर बेअरिंगच्या कडेनं एक थेंब बाहेर आला, घरंगळला आणि टपकन टेबलावर पडला. तिनं बोट नाकाशी नेलं. शिलाई मशीनचं तेल! ओळखायला कसला वेळ लागतोय, लग्न झाल्यापासून त्याच वासात राहत होती ती.

आणि परीक्षा आजच. आज दुपारी!

हेलिकॉप्टर म्हणजे माणसं बसतात ते नव्हे, नमुन्याचं. हात लांब केला तर खांद्यापासून बोटांपर्यंत येईल एवढं. पण त्याला खेळणं म्हणून बघा, ती अंगावर धावून येईल. मैदानावर येणाऱ्या इतर हौशी लोकांनी तिचं नाव 'ठिणगी' ठेवलं होतं, ते काही उगाच नाही. ती पंख्याच्या कारखान्यात मोटरी जोडायची. कारखाना बंद पडला, सगळे कपाळाला हात लावून घरी बसले. ही मात्र कुणाचंतरी मोडकं हेलिकॉप्टर उचलून घेऊन आली, सगळं सुटं केलं, पुन्हा जोडलं आणि उडवायला शिकली. पाडलं, मोडलं, परत जोडलं. आता एका केंद्राला शिक्षक हवा होता. शेतांवर फवारणी करायची, उंच मनोरे तपासायचे, असली कामं करणारी बिनचालकाची हेलिकॉप्टरं उडवायला तिथे शिकवत. पगार होता, सोमवार ते शुक्रवार राहायला खोली होती. अट एवढीच, की स्वतःचं यंत्र आणायचं, परीक्षकासमोर उघडून दाखवायचं आणि मग उडवून दाखवायचं. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर पुन्हा घरात बसून नवऱ्याचं 'मग आता पुढे काय?' ऐकायचं. ते ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

शेपटीचा गिअरबॉक्स म्हणजे हेलिकॉप्टरचं माकडहाड. वरचं मोठं पातं एका दिशेनं फिरतं, त्यामुळे खालचं धड उलट्या दिशेनं गरगरायला बघतं. त्याला धरून ठेवतो तो शेपटीचा छोटा पंखा. त्या पंख्याला फिरवणारी दोन दातेरी चाकं डबीत असतात, नखाएवढी. त्यांच्या दातांना ग्रीसचा पातळ हात लागतो. तेल घातलंत की ते वेगानं बाहेर फेकलं जातं, जाताना बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन नेतं. मग दात कोरडे पडतात, तापतात, एखादा तुटतो आणि शेपटी सुटते. एकदा शेपटी सुटली की हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. ते परीक्षकाच्याच डोक्यात पडलं म्हणजे मिळालीच नोकरी!

"आई!"

सासूबाई खिडकीपाशी मशीनवर बसल्या होत्या. घरोघरच्या कपड्यांना चेन लावून देणं, बाही उसवून देणं, असली कामं त्या अजून करत.

"काय गं, ओरडायला काय झालं?"

"ह्यात तेल कुणी घातलं?"

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. टेबलावरच्या थेंबाकडे पाहिलं. मग पलीकडच्या खुर्चीकडे पाहिलं, जिथे त्यांचा मुलगा चहा घेत फोनवर अंगठा फिरवत बसला होता.

"मी घातलं," त्या म्हणाल्या.

"का?"

"घातलं. झालं."

झालं? ठिणगीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मला एका शब्दानं विचारलं तरी का? नाही! माझं हेलिकॉप्टर तुमच्या डोळ्यांत खुपतंय ना? पहिल्या दिवसापासून खुपतंय. बायकांना हे चाळे शोभत नाहीत म्हणायचात ना? बरोबर आजचा दिवस साधलात! माझ्या वाईटावरच टपून बसला होतात. घ्या, झालं तुमच्या मनासारखं! अहो, या वयात तरी माणसानं दुसऱ्याचं वाटोळं करू नये!"

खालच्या मजल्यावर दाराची कडी वाजली. खालच्या काकूंना असलं काही चुकवून चालत नसे.

सासूबाई गप्प. एरवी एकाला दोन सुनवणारी बाई, आणि आज मूग गिळून बसली. ठिणगीला त्यात कबुलीच दिसली, आणि ती आणखी भडकली.

तेव्हा नवरा बोलला. फोनवरून नजर न उचलता बोलला. "जाऊ दे गं. आईचं वय झालंय आता, तिला काय कळतंय त्यातलं. हात लावू नकोस म्हणून मी तिला किती वेळा सांगतो." आणि चहाचा घोट घेतला.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मशीनचं चाक हातानं अर्धं फिरवून सुई वर घेतली आणि कापड काढून बाजूला ठेवलं.

भांडायला वेळ होता कुठे! ठिणगीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना पांढरा कपडा पसरला. शेपटीची पाती उतरवली, डबीचे चार स्क्रू सोडवले, झाकण उचललं. आत तळं! दोन्ही चाकं तेलात बुडालेली. चाक फिरवणाऱ्या दांड्यावरून तेल शेपटीच्या पोकळ नळीतही उतरलं होतं.

काल संध्याकाळी हाच गिअरबॉक्स तिनं स्वतः उघडला होता. जुनं काळं पडलेलं ग्रीस पुसलं, ब्रशनं दात न् दात साफ केला, बेअरिंग कानाशी धरून फिरवून बघितली, खरखर नव्हती. नवं ग्रीस तेवढं लावायचं राहिलं, आणि लक्षात आलं की बॅटरीची एक वायर तुटलीय आणि दुकान बंद व्हायची वेळ झालीय. तिनं चपला पायात सरकवता सरकवता नवऱ्याला सांगितलं, "अहो, शेपटीला तेवढं वंगण घालून झाकण लावा. ट्यूब तिथेच आहे. चारच स्क्रू आहेत." तो म्हणाला, "हो हो, तू जा." ती परत आली तेव्हा हेलिकॉप्टर खोक्यात ठेवलेलं होतं. "वंगण घातलंय ना?" "घातलंय." तिला इतकं बरं वाटलं होतं की तिनं त्याला रात्री आग्रह करून वाढलं.

म्हणजे यांनी ग्रीस लावलं, आणि मग म्हातारीनं मागाहून वर तेल ओतलं. असाच हिशेब तिच्या डोक्यात बसला होता. पण आता ती कापूस लावलेल्या काडीनं तेल टिपत होती, काडीमागून काडी, आणि एकाही काडीला ग्रीसचं पांढरं काही लागत नव्हतं. ग्रीस धुऊन गेलं तरी तेलात त्याचा गढूळपणा राहतो, एखादा ओघळ कोपऱ्यात चिकटून राहतो. इथे काहीच नाही. मग ग्रीस गेलं कुठे?

विचारात हात चळला आणि एक स्क्रू खाली गेला. डाळीच्या दाण्याहून लहान स्क्रू! ती टेबलाखाली गुडघ्यांवर रांगू लागली, फरशीवरून तळवे फिरवू लागली, तोंडानं स्वतःलाच शिव्या देत. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडण्याचं नव्हे, संतापाचं.

"सरक."

सासूबाईंच्या हातात त्यांचा टाचण्या गोळा करायचा चुंबक होता. दोरीला बांधलेला. त्यांनी तो फरशीवरून ओढत नेला, फ्रिजच्या खाली, भिंतीच्या कडेनं. टिक्. दोन टाचण्या, एक सुई आणि स्क्रू.

"हा घे," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा. "आणि एक ऐकून ठेव. माझं तेल वाईट नसतं. माझं मशीन तुझ्या नवऱ्याहून थोरलं आहे आणि अजून कुरकुरत नाही. वंगण घाल म्हणालीस, मी वंगण घातलं. माझ्या लेखी वंगण म्हणजे तेलच. ग्रीस पाहिजे होतं तर निरोपात तसं सांगायचं."

"कुठल्या निरोपात?"

सासूबाईंनी टाचण्यांची डबी पुढे ओढली.

"आई, मी तुम्हाला निरोप कुठे दिला? मी ह्यांना सांगून गेले होते."

सासूबाई टाचण्या डबीत टाकू लागल्या, एकेक करून, जसं काही त्या मोजूनच घ्यायच्या होत्या.

"ती पांढरी ट्यूब होती इथे टेबलावर," ठिणगी म्हणाली. "तिला हात नाही लावलात?"

"ती? मला वाटलं तुझ्या खांद्याचं मलम आहे." मग त्यांना राहवेना. "मी भाजी चिरत होते. तो आत आला, म्हणाला, आई, हिच्या त्या शेपटीला वंगण घालून बंद करायचंय, हिनं सांगितलंय, मला एक फोन आहे. मी हात धुतले, तेलाची पिचकारी आणली आणि घातलं. भरपूर घातलं. म्हटलं उद्या परीक्षा आहे पोरीची, कुठे अडायला नको."

ठिणगी उठून उभी राहिली. उठताना टेबलाची कड डोक्याला लागली, तेही तिला कळलं नाही.

"मग मघाशी बोलला का नाहीत? मी इतकं अद्वातद्वा बोलत होते!"

"काय बोलू? माझा मुलगा आहे तो. तू अशी पेटलेली. त्याला तुझ्या तोंडी देऊ?"

"आणि त्यांनी तुम्हाला दिलं माझ्या तोंडी!"

सासूबाई चुंबकाची दोरी बोटाला गुंडाळू लागल्या. म्हणजे ते त्यांनाही कळलं होतं, आणि मघाशीच कळलं होतं.

नवरोबा दाढी करत होते. गालाला फेस, गळ्यात टॉवेल. ठिणगी न्हाणीघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काल वंगण कुणी घातलं?"

"अगं, आता पुन्हा तेच काय..."

"कुणी घातलं?"

त्यानं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. मग आरशातूनच तिच्यामागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू मला विचारलंस, वंगण घातलंय का. मी म्हणालो, घातलंय. आता घातलंच होतं की नाही? मी घातलं असं मी कुठे म्हणालो?"

आता या माणसाचं करायचं तरी काय? शब्दात पकडायला जावं तर सापडत नाही. आणि खोटं बोलला म्हणावं तर तेही नाही! आपल्या बोलण्यात सोयच आहे तशी. चहा झालाय. कपडे वाळत घातलेत. गॅस सांगितलाय. करणाऱ्याचं नाव घ्यायची गरजच नाही. या घरात सगळं आपोआप व्हायचं, आणि झालंय एवढं सांगायला हा पुढे. इतकी वर्षं तिला वाटायचं, नवरा बोलतो कमी पण करतो. करतो कसला! करून घेतो, आणि सांगताना करणारीला गाळतो.

"अरे, लाज नाही वाटत तुला?" ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच 'अहो'चं 'अरे' झालं, आणि झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही इतकं सहज झालं. "मी तुझ्या आईला वाट्टेल ते बोलले. वाटोळं करणारी म्हणाले. तू तिथे बसला होतास, चहा पीत! आणि वर म्हणालास, वय झालंय, काही कळत नाही!"

"मी भांडण वाढू नये म्हणून..."

"भांडण वाढू नये म्हणून आईला पुढे केलंस? तू मुद्दाम केलंस का हे? मी तिकडे नोकरीला जाऊ नये म्हणून?"

"मुद्दाम?" तो खरोखरच दचकला. फेस गळ्यावर ओघळला. "छे गं! माझ्या ध्यानातही नव्हतं. फोन आला, मी आईला सांगितलं आणि विसरून गेलो."

आणि हेच तिच्या जिव्हारी लागलं. मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं. निदान त्यानं तिची परीक्षा मनावर घेतली होती असं तरी झालं असतं.

"फेस वाळतोय," सासूबाई मागून मुलाला म्हणाल्या. "आवर."

पुढचं काम दोघींनी मिळून केलं, पण गोडीगुलाबीनं केलं असं कुणी समजू नये. ठिणगीनं सुटे भाग स्पिरिटमध्ये बुडवले, मऊ ब्रशनं घासले. बेअरिंग पुन्हा पुन्हा धुतली, वाऱ्यावर वाळवली, त्यांच्यात नवं ग्रीस बोटानं दाबून भरलं. सासूबाई टॉर्च धरून उभ्या होत्या. त्यांचा हात हलत नव्हता. नळीत उतरलेलं तेल काढायला ठिणगीनं सळईला चिंधी गुंडाळली, तर ती मधेच अडकली. सासूबाईंनी ती सोडवून स्वतः गुंडाळून दिली, तिरपी, पट्टीसारखी, आणि ती एका दमात आरपार गेली. मग दातकोरणीच्या टोकावर ग्रीस घेऊन ठिणगीनं ते चाकांच्या दातांना लावलं, चाक फिरवलं, पुन्हा लावलं, आणि कडेला जमलेलं जास्तीचं पुसून टाकलं.

"एवढंसंच?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंसंच. जास्त झालं की बाहेर उडतं आणि धूळ धरून बसतं."

"हूं."

दोघींच्या मनात राग खदखदत होता, आणि तो सगळा एकाच माणसाबद्दलचा नव्हता.

निघताना सासूबाई पायात चपला घालून दारात हजर. "मी पण येणार. बघू दे मला, कसली शेपटी आहे ती, जिच्यापायी मला एवढं ऐकावं लागलं." नवऱ्यानं मुकाट्यानं गाडी काढली. मागच्या सीटवर सासूबाई बसल्या, हेलिकॉप्टरचं खोकं मांडीवर घेऊन, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला मुलाला म्हणत राहिल्या, "हळू." त्या एका शब्दात त्यांनी त्याला सोलून काढला.

केंद्राच्या मागे कुंपण घातलेलं मैदान होतं. परीक्षक म्हणजे आखूड केसांची, उन्हानं रापलेली बाई. तिनं नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. "आधी शेपटी उघडा," म्हणाली.

ठिणगीनं उघडली. परीक्षकबाईंनी चाक बोटानं मागेपुढे हलवून दातांत किंचित सैलपणा आहे ना ते पाहिलं, दातांवरून नख फिरवलं, नखाला लागलेलं ग्रीस अंगठ्यावर चोळलं. "ताजं दिसतंय."

"आज सकाळी लावलं."

"परीक्षेच्या दिवशी? आदल्या दिवशी लावून ठेवायचं असतं, यंत्र थोडं चालवून बघायचं असतं."

"काल ते काम मी दुसऱ्यावर टाकलं. चुकीचं वंगण पडलं. आज सगळं धुऊन पुन्हा केलं."

परीक्षकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "दुसऱ्यानं केलेलं काम बघितल्याशिवाय खोक्यात ठेवलंत?"

"हो."

"पुन्हा ठेवाल?"

"मेले तरी नाही," ठिणगी म्हणाली, आणि ती इतकी दात-ओठ खाऊन म्हणाली की परीक्षकबाई एक पाऊल मागे सरल्या.

मग उड्डाण. अंगठे रिमोटच्या काड्यांवर ठेवले आणि तिच्या लक्षात आलं की ते थरथरताहेत. सकाळपासूनचा संताप सगळा तिथे गोळा झाला होता. हेलिकॉप्टरला तुमचा राग कळत नाही, त्याला फक्त झटका कळतो. आणि झटका दिलात की ते तसंच्या तसं परत करतं. तिनं अंगठे उचलले, मुठी घट्ट आवळल्या, सोडल्या, आणि पुन्हा ठेवले. पातं फिरू लागलं. यंत्र हलकेच जमिनीवरून उठलं आणि डोळ्यांच्या उंचीला थांबलं. शेपटी हलली नाही. तिनं ते सावकाश वळवून तोंड आपल्याकडे केलं, जिथे डावं-उजवं उलटं होतं आणि भल्याभल्यांची त्रेधा उडते. शेपटी जागची हलली नाही. मग इंग्रजी आठाचा आकडा, मग झपकन वर, मग एकदम थांबणं. चाकांचा आवाज एकसारखा, गुळगुळीत येत होता. मागे कुंपणापाशी नवरा कुणालातरी सांगत होता, "सगळी तयारी आम्हीच करतो ना घरी, पार वंगणापासून," ते तिच्या कानावर पडलं, आणि तरीही तिनं अंगठा हलू दिला नाही. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम कुठलं म्हणाल तर ते.

हेलिकॉप्टर खाली टेकलं. परीक्षकबाई म्हणाल्या, "सोमवारपासून या. खोली दाखवायला सांगते."

ठिणगीनं तोंड उघडण्याआधीच नवरा पुढे आला. हसत, हात जोडत. "आभारी आहोत. आम्ही घरी विचार करून कळवतो."

"मी येते," ठिणगी म्हणाली. "विचार झालाय. मी केलाय."

परत येताना गाडीत नवऱ्यानं एकदा "अभिनंदन हं" म्हणून पाहिलं. मागून उत्तर आलं, "हळू." नोकरी मिळाली होती. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण मागच्या सीटवर म्हातारी खोकं मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि आरशात तिचं तोंड दिसलं की ठिणगीला आपलेच सकाळचे शब्द एकेक करून आठवत. वड्याचं तेल वांग्यावर काढलं आपण. एकदा नीट विचारलंही नाही. तेल दिसलं, वास आला, आणि सगळ्यात आधी हिच्याच अंगावर धावून गेलो. त्याच्याकडे वळून बघायचं सुचलंसुद्धा नाही.

जिना चढताना खालच्या काकूंच्या दारापाशी ती थांबली. सासूबाई मागून येत होत्या, कठड्याला धरून. नवरा सर्वांत मागे, शेपूट घालून.

"आई," ती हळूच म्हणाली, "सकाळी बोलले ते चुकलं माझं."

सासूबाई थांबल्या. दम घेतला. "ते मला कळलंय."

"मग... रागावू नका ना."

"सकाळी केवढ्यानं बोललीस?"

"अं?"

"वाटोळं करणारी म्हणालीस, ते केवढ्यानं म्हणालीस? साऱ्या बिल्डिंगला ऐकू गेलं. आणि आता कानात सांगतेस?" त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "जेवढ्यानं तेव्हा बोललीस, तेवढ्यानं आता बोल."

ठिणगीनं जिन्यात वर-खाली पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"चुकलं माझं!" ती ओरडली. जिना दणाणला. "माझ्या सासूबाईंनी काही वाटोळं केलेलं नाही! त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं! मी त्यांना नको नको ते बोलले! माझं चुकलं!"

कड्या वाजल्या. वरचं दार उघडलं, समोरचं उघडलं, खालच्या काकू तर उंबऱ्यात आधीच उभ्या होत्या, हातात लाटणं घेऊन.

"अगं, हळू," नवरा खालून कुजबुजला. "लोक बघताहेत. चला, घरात जाऊन बोलू."

सासूबाई वळल्या. दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं.

"आता तू," त्या म्हणाल्या.

"मी काय?"

"काल फोन होता म्हणून काम माझ्यावर ढकललंस ते सांग. आणि सकाळी मला काही कळत नाही म्हणालास, तेही सांग. मोठ्यानं सांग."

तो वरच्या दाराकडे बघून कसनुसं हसला, मग समोरच्या, मग काकूंच्या. कुणीही आत जायचं नाव घेईना. ठिणगीनं खोकं छातीशी धरलं आणि कठड्याला टेकून उभी राहिली. त्यानं घसा साफ केला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

सासूबाईंनी पदर सावरला आणि त्या वाट अडवून पायरीवरच बसल्या.

"सावकाश आठव," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."